दूधआई, भाषा आणि राष्ट्र: लेलिया गोन्झालेझ ह्यांच्या एका प्रतिपादनाविषयी

कृष्णवर्णीय स्त्रीवाद हा शब्दप्रयोग मराठी समीक्षेत येतो तेव्हा त्याचा निर्देश जवळजवळ नेहमीच उत्तर अमेरिकेकडे असतो. टोनी मॉरिसन, ॲलिस वॉकर, ऑड्री लॉर्ड, बेल हुक्स ही नावे आपल्या पदव्युत्तर वर्गांत एव्हाना परिचित झाली आहेत. ह्या लेखिकांसमोरचा प्रतिपक्ष निदान एका अर्थाने स्पष्ट होता. बसमध्ये, शाळेत, मतदानकेंद्रावर वर्णभेदाची रेषा आखणारा कायदा तेथे दीर्घकाळ अस्तित्वात होता, आणि तो गेल्यावरही ती रेषा सांभाळणारा समाज होताच. परंतु जेथे अशी रेषा आधुनिक कायद्याने आखलेलीच नव्हती, उलट गोरे, काळे आणि मूळनिवासी ह्यांच्या मिश्रणालाच जेथे राष्ट्राची ओळख मानले गेले, तेथे कृष्णवर्णीय स्त्रीने नेमके कशाविरुद्ध बोलायचे? द्वेषाविरुद्ध बोलता येते. कौतुकाविरुद्ध कसे बोलायचे? ब्राझीलमधल्या काळ्या स्त्रियांपुढे हा प्रश्न होता, आणि त्याला सर्वांत धारदार सैद्धांतिक रूप दिले ते लेलिया गोन्झालेझ (१९३५–१९९४) ह्यांनी. प्रस्तुत लेखात त्यांच्या एकाच प्रतिपादनाचा विचार करावयाचा आहे. ते प्रतिपादन वरवर पाहता भाषेविषयीचे आहे. माझ्या मते ते मुळात ऋणाविषयीचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. अटलांटिक गुलामव्यापारात जिवंत उतरवलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सुमारे ४८ लाख एकट्या ब्राझीलमध्ये उतरवले गेले. अन्य कोणत्याही देशात इतके नाहीत. गुलामगिरी तेथे संपली ती १३ मे १८८८ रोजी, म्हणजे पश्चिम गोलार्धात सर्वांत शेवटी. ह्या इतिहासातून राष्ट्राची एक अभिमानास्पद कथा निर्माण करण्याचे श्रेय प्रामुख्याने जिल्बेर्तो फ्रेरे ह्यांच्या १९३३ च्या 'कासा-ग्रांदे इ सेंझाला' ह्या ग्रंथाला जाते. शीर्षकाचा अर्थ थोरला वाडा आणि गुलामांची वस्ती. वंशशुद्धीच्या तत्कालीन विज्ञानाला फ्रेरे ह्यांनी ठाम नकार दिला, आणि त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. मिश्रण म्हणजे अधोगती नव्हे, मिश्रण हीच ब्राझीलची प्रतिभा, असे त्यांचे सूत्र. 'वांशिक लोकशाही' ही संज्ञा त्या ग्रंथात नाही. ती १९४० च्या दशकात रूढ झाली. पण तिचा भावनिक पाया ह्याच ग्रंथाने घातला, आणि त्या पायाच्या मध्यभागी वाड्यातल्या धन्याच्या मुलाला अंगावर पाजणारी काळी स्त्री होती.

ही कथा देशाबाहेरही विकली गेली. महायुद्धानंतर युनेस्कोने वंशसंबंधांच्या अभ्यासासाठी ब्राझीलची निवड केली ती सामंजस्याचा आदर्श म्हणून. फ्लोरेस्तान फर्नांदेस आणि रोजे बास्तीद ह्यांच्यासारख्या अभ्यासकांच्या हाती लागला तो पूर्वग्रहाचा तपशील. १९५० मध्ये कॅथरिन डनहॅम ह्या कृष्णवर्णीय अमेरिकी नर्तकीला साओ पावलोतील एका हॉटेलाने खोली नाकारली आणि त्या गवगव्यातून १९५१ चा भेदभावविरोधी कायदा आला. म्हणजे ज्या देशात भेदभाव नाही असे सांगितले जात होते त्या देशाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि तोही एका परदेशी स्त्रीचा अवमान झाल्यावर.

त्याच वर्षाच्या अखेरीची एक घटना मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. पोर्तुगालच्या मंत्र्याच्या निमंत्रणावरून निघालेले फ्रेरे गोव्यात आले आणि पणजीच्या वास्को द गामा संस्थेतील व्याख्यानात त्यांनी आपल्या सिद्धांताला नवे, विस्तारलेले नाव दिले: 'लुसो-उष्णकटिबंधीय' संस्कृती. पोर्तुगीज माणूस जेथे गेला तेथे तो मिसळला, प्रेमाने मिसळला, म्हणून त्याचे साम्राज्य इतरांसारखे नव्हे, असा तिचा आशय. पोर्तुगालने १९५१ मध्येच संविधानदुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हटले होते. ह्या सिद्धांताने त्या शाब्दिक बदलाला समाजशास्त्राची वस्त्रे मिळाली. मिश्रण झाले आहे, तेव्हा स्वातंत्र्याची मागणी कसली? १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्याला ऐकवला गेलेला युक्तिवाद आणि ब्राझीलमधल्या काळ्या स्त्रीला ऐकवला गेलेला युक्तिवाद ह्यांचा कर्ता एक आहे. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ह्यांनी १९४४ मध्येच गोमंतकीयांच्या विराष्ट्रीकरणाची मीमांसा केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या युक्तिवादाला येथले उत्तर फ्रेरे येण्यापूर्वीच तयार होते असे म्हणावे लागते.

आता त्या काळ्या दूधआईकडे वळू. पोर्तुगीजमधल्या तिच्या नावाचे शब्दशः भाषांतर 'काळी आई' असे होते, आणि येथे मराठी अनुवादक अडखळतो. आपल्याकडे काळी आई म्हणजे शेतजमीन. ती देते, मागत नाही; तिला मत नसते. हा अर्थ अनुवादाचा अपघात म्हणून सोडून देण्याजोगा नाही, कारण ब्राझीलच्या राष्ट्रकथेने त्या स्त्रीला नेमके असेच, जमिनीसारखे कल्पिले. साओ पावलोच्या पायसांदू चौकात, काळ्या लोकांच्या रोझरी चर्चशेजारी, १९५५ मध्ये बसवलेला ज्युलिओ गेर्रा ह्यांचा पुतळा हेच सांगतो: मूल पाजणारी बसलेली स्त्री.

ह्या पुतळ्याची पूर्वकथा मात्र सरळ नाही. दूधआईचे स्मारक व्हावे ही मागणी १९२६ पासूनची, आणि तिच्या मागे काळ्या लोकांची वृत्तपत्रे उभी होती. साओ पावलोच्या 'ओ क्लारिं दा आल्व्होरादा' ह्या पत्राने २८ सप्टेंबर हा तिचा दिवस म्हणून पाळावा असा आग्रह धरला. त्याच दशकात, १९२३ मध्ये, अमेरिकेच्या सेनेटने वॉशिंग्टनमध्ये दक्षिणेतल्या 'मॅमी'चे स्मारक उभारण्याच्या विधेयकाला मान्यता दिली होती. तेथे मागणी होती गुलामधारकांच्या वंशज स्त्रियांची, आणि मेरी चर्च टेरेल ह्यांच्यासह कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांनी तिला इतका विरोध केला की स्मारक झालेच नाही. एकच प्रतिमा, एका देशात काळ्या स्त्रिया ती नाकारतात, दुसऱ्या देशात काळे पत्रकार ती मागतात. ब्राझीलमधल्या पत्रकारांना भोळे म्हणण्याची घाई करू नये. ज्या राष्ट्राने गोऱ्या स्थलांतरितांना पैसे देऊन आणवले, त्या राष्ट्राला 'तुम्ही आमच्या आईच्या दुधावर वाढलात' असे सांगणे म्हणजे घरातला वाटा मागणे होते. तरी हे पत्रकार पुरुष होते. त्या स्त्रीच्या नावाने वाटा मागितला जात होता. तिचे म्हणणे कोणी विचारले नव्हते.

गोन्झालेझ ह्यांचा हस्तक्षेप होतो तो येथे, अर्धशतकानंतर. बेलो होरिझोंतेत रेल्वेकामगार काळे वडील आणि घरकाम करणारी मूळनिवासी वंशाची आई ह्यांच्या अठरा मुलांपैकी त्या सतराव्या. भाऊ जाइमे फ्लामेंगो संघाकडून फुटबॉल खेळू लागला आणि कुटुंब रिओला आले. लहानपणी त्यांनी मुले सांभाळण्याचे काम केले. पुढे इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकल्या, विद्यापीठात शिकवू लागल्या. लष्करी राजवटीत, ७ जुलै १९७८ रोजी साओ पावलोच्या नगरनाट्यगृहाच्या पायऱ्यांवर जी एकत्रित काळी चळवळ जाहीर झाली तिच्या त्या संस्थापकांपैकी एक. १९८० मध्ये समाजशास्त्रज्ञांच्या एका परिषदेत त्यांनी ब्राझीलच्या संस्कृतीतील वंशवाद आणि लिंगवाद ह्यांवर निबंध वाचला. निबंधाची भाषा मुद्दाम रस्त्यावरची, आधार फ्रॉइड आणि लाकाँ ह्यांचे. विद्वानांच्या सभेत ही दोन टोके एकत्र आणणे हा त्या युक्तिवादाचाच एक भाग होता.

युक्तिवाद असा. राष्ट्राची जाणीव काळ्या स्त्रीला दोन रूपांत पाहते: कार्निव्हलच्या चार दिवसांत झळकणारी मुलाता आणि उरलेल्या वर्षात स्वयंपाकघरात दिसेनाशी होणारी मोलकरीण. ही दोन रूपे एकाच स्त्रीची. दोन्हींचे मूळ वाड्यातल्या दासीत. जाणीव जे झाकते ते स्मृती मात्र बाहेर टाकते, आणि तिसरी आकृती, दूधआई, ही त्या स्मृतीची जागा आहे. फ्रेरे ह्यांनी म्हटले होते की आयांनी अन्न मऊ करून भरवावे तशी पोर्तुगीज भाषाही मऊ करून मुलांना भरवली. गोन्झालेझ हेच निरीक्षण उचलतात आणि त्याची दिशा फिरवतात. मुलाला न्हाऊ कोणी घातले, निजवले कोणी, पहिले शब्द कोणी दिले, भीती आणि गोष्टी कोणी दिल्या? आई हे नाते जर जन्म देण्यापेक्षा भाषेत प्रवेश देण्याने ठरत असेल, तर ब्राझीलच्या गोऱ्या मुलाची आई ही काळी स्त्री आहे; जन्मदात्री ही त्या अर्थाने परकी. मातृभाषा हा शब्द आपण सैलपणे वापरतो. गोन्झालेझ तो शब्दशः घेतात. ब्राझीलची मातृभाषा पोर्तुगीज नाही, ती 'प्रेतुगेस' आहे: 'प्रेतो' म्हणजे काळा, त्यात पोर्तुगेस मिसळलेले. काळा माणूस 'फ्लामेंगो'चे 'फ्रामेंगो' करतो म्हणून त्याला हसतात. ज्या आफ्रिकी भाषांत तो 'ल' नाही त्यांची ती खूण आहे, हे हसणाऱ्याला ठाऊक नसते, आणि तो स्वतः बोलताना शब्दांची शेवटे गिळतो, तीही तेथूनच आली, हेही त्याला ठाऊक नसते.

भाषाशास्त्रज्ञ ह्यावर आक्षेप घेतील, आणि काही प्रमाणात ते बरोबर ठरतील. 'ल'च्या जागी 'र' होणे पोर्तुगीजच्या स्वतःच्या इतिहासातही आढळते. प्रत्येक लकबीचा आफ्रिकी उगम सिद्ध होणार नाही. परंतु गोन्झालेझ व्युत्पत्तीचा कोश रचत नव्हत्या. त्यांचा रोख ज्या शब्दावर होता तो शब्द म्हणजे 'योगदान'. राष्ट्रीय संस्कृतीच्या सर्व उदार वर्णनांत काळ्यांचे योगदान सांगितले जाते: संगीतात, पाककलेत, नृत्यात. योगदान म्हटले की आधी कोणीतरी मालक आहे, त्याचे काहीतरी तयार आहे, आणि दुसऱ्याने त्यात भर घातली, असे गृहीत धरले जाते. भर घालणाऱ्याचे आभार मानून विषय संपवता येतो. पण ज्या भाषेत ते आभार मानले जातात तीच जर तिने दिलेली असेल, तर आभार मानणारा कोण उरतो? राष्ट्र तिला सामावून घेणार ही भाषाच निरर्थक ठरते. म्हणूनच गोन्झालेझ ह्यांनी दूधआईला सर्वस्व वाहणारी माउली मानायला नकार दिला आणि वंशद्रोही मानायलाही. उत्साही काळे तरुण तिच्यावर तो दुसरा आरोप करीत असत.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो: कृतज्ञता ही न्यायाची सुरुवात असते की न्याय टाळण्याची रीत? सामान्यतः आपण कृतज्ञतेला निर्विवाद सद्गुण मानतो. परंतु कृतज्ञता दानाबद्दल असते, आणि दान देणारा स्वतंत्र असावा लागतो. जे काढून घेतले त्याबद्दल कृतज्ञ राहणे म्हणजे काढून घेण्याला मागाहून दानाचे रूप देणे. सुएली कार्नेरो ह्यांनी नंतर हे अधिक उघडपणे मांडले: ज्या मिश्रणाचा राष्ट्राला अभिमान आहे त्याच्या मुळाशी धन्यांनी काळ्या आणि मूळनिवासी स्त्रियांवर केलेली लैंगिक बळजबरी आहे, आणि राष्ट्रकथेने तिला प्रणयकथा करून टाकले. फ्रेरे ह्यांच्या ग्रंथात ह्या हिंसेचे उल्लेख नाहीत असे नव्हे, पुष्कळ आहेत. पण ते सारे एका मोठ्या स्नेहाच्या सुरात विरघळवले जातात. लपवलेले सत्य उघड करता येते. विरघळवलेले कशातून वेगळे काढणार?

साहित्यव्यवहारात ह्याची कसोटी लावून पाहता येते. मारिओ द आंद्राद ह्यांच्या 'माकुनाइमा' (१९२८) मध्ये बोलीचे, अशुद्धाचे, आफ्रिकी आणि मूळनिवासी शब्दांचे जे मिश्रण आहे त्याला आधुनिकतावादाची क्रांती म्हटले गेले, आणि ती होतीच. १९६० मध्ये साओ पावलोच्या कानिंदे झोपडपट्टीत कागद वेचणाऱ्या कारोलिना मारिया दे जेझुस ह्यांची रोजनिशी 'क्वार्तो दे देस्पेझो' प्रसिद्ध झाली. शाळा दोन वर्षांची. तिच्या वह्यांतली 'चुकीची' लेखनपद्धती संपादकाने पुष्कळशी तशीच ठेवली. पुस्तक अफाट खपले, अनेक भाषांत गेले. पण ते वाचले गेले दस्तऐवज म्हणून. विद्वान पुरुषाच्या लेखनात जी भाषा राष्ट्राचा शोध ठरली, ती काळ्या स्त्रीच्या लेखनात तिच्या निरक्षरतेचा पुरावा ठरली. २०२१ मध्ये तिचे पुढचे पुस्तक मूळ लेखनासह नव्याने काढताना कोन्सेइसांव एव्हारिस्तो ह्यांच्यासारख्या लेखिका संपादनात होत्या. तेव्हाही तिच्या चुका ठेवाव्यात की सुधाराव्यात हा वाद झाला. चुका हा शब्द दोन्ही पक्षांनी किती सहज स्वीकारला आहे, हे मला अधिक बोलके वाटते.

तरीही गोन्झालेझ ह्यांच्या प्रतिपादनात एक रिकामी जागा राहते, आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दूध येते ते मूल झाल्यावर. वाड्यातल्या मुलाला पाजणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे मूल कोठे होते? एकोणिसाव्या शतकात रिओच्या वृत्तपत्रांत दूधआया भाड्याने देण्याच्या जाहिराती छापून येत, आणि ती मुलाशिवाय मिळेल असे त्यांत नमूद केलेले असे. तिचे बाळ पुष्कळदा अनाथांसाठीच्या फिरत्या पाळण्यात सोडले जाई; तेथे मुले मोठ्या संख्येने दगावत. २८ सप्टेंबर ही तारीखही पाहावी. १८७१ च्या त्या दिवशीच्या कायद्याने दासीच्या पोटी जन्मणारे मूल स्वतंत्र ठरवले, परंतु ते आठ वर्षांचे झाल्यावर सरकारकडून मोबदला घ्यायचा की एकवीस वर्षांपर्यंत त्याच्याकडून काम करून घ्यायचे, हे धन्याने ठरवायचे होते.

रेसिफे येथे सुमारे १८६० मध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. नटूनथटून बसलेली काळी स्त्री, तिला दोन्ही हातांनी बिलगलेला गोरा मुलगा. मुलाचे नाव आडनावासह नोंदलेले: आउगुस्तो गोमेस लेआल. तिची नोंद एका शब्दाची: मोनिका. ह्या चित्रात स्नेह खोटा आहे असे मला म्हणता येत नाही. मुलाचे बिलगणे खरे आहे. पण चौकटीत तिसरे मूल नाही, आणि त्याच्या नसण्यावरच हे सारे चित्र उभे आहे. फ्रेरे ह्यांनी अंगाईगीत ऐकले ते वाड्यातल्या मुलाच्या कानाने. गोन्झालेझ ह्यांनी तेच गीत गाणारीच्या बाजूने वाचले, तिला भाषा देणारी कर्ती मानले. परंतु ऐकणारे मूल त्यांच्याही मांडणीत तेच राहिले. गोऱ्या मुलाची खरी आई कोण, हे सिद्ध करण्याच्या ओढीत काळ्या मुलाची आई कोण हा प्रश्न मागे पडला. लादलेल्या श्रमाला प्रतिकार म्हणण्याचा मोह समजण्यासारखा आहे. त्याने स्त्रीला कर्तेपण मिळते. पण त्या कर्तेपणाची किंमत जिने मोजली नाही असा एक जीव होता, त्याने ती मोजली.

भाषेचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न वेगळे नाहीत, हे मराठीतही दिसते. मुले सांभाळणारीसाठी आपण वापरतो तो 'आया' शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि 'पगार' हाही. आपल्याकडे दोन्ही शब्द आले. आयेला पगार मिळावा हा विचार त्यांच्याबरोबर आपोआप आला नाही, तेथेही आला नव्हता. 'घरच्यासारखीच आहे' हे वाक्य दोन्हीकडे बोलले जाते आणि दोन्हीकडे त्यातल्या 'सारखी'वर सारे अवलंबून असते. लाउदेलिना द कांपोस मेलो ह्यांनी सांतोस येथे घरकाम करणाऱ्यांची पहिली संघटना १९३६ मध्ये स्थापन केली. १९८८ च्या संविधानाने कामगारांना हक्क दिले, पण घरकामगारांना त्यांतले काहीच. कामाच्या तासांची मर्यादा त्यांना २०१३ च्या दुरुस्तीने मिळाली. स्वतः घरकाम केलेल्या बेनेदिता दा सिल्व्हा संविधानसभेतही होत्या आणि पंचवीस वर्षांनी त्या दुरुस्तीच्या वेळी संसदेतही. २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला मिश्रवर्णीय आणि १०.२ टक्क्यांनी काळे म्हणून नोंदवले, गोरे ४३.५ टक्के. राष्ट्राचा बहुसंख्य भाग आता त्या तिसऱ्या मुलाच्या बाजूचा आहे, असे ह्या आकड्यांवरून म्हणण्याचा मोह होतो. पण आकडे नाते सांगत नाहीत.

नात्याचा शोध घेतला तो कोन्सेइसांव एव्हारिस्तो ह्यांनी. जन्म १९४६, गोन्झालेझ ह्यांच्याच बेलो होरिझोंतेत. त्यांनीही तरुणपणी घरकाम केले. जगणे आणि लिहिणे ह्यांचा सांधा दाखवणारी 'एस्क्रेव्हिव्हेन्सिया' ही संज्ञा त्यांनी घडवली ती दूधआईच्या प्रतिमेसमोर उभे राहूनच: धन्याच्या मुलांना झोप यावी म्हणून ती गोष्टी सांगत असे, आम्ही लिहितो ते त्यांना झोप लागावी म्हणून नव्हे, अशी त्यांची भूमिका. ह्या सूत्रातही ऐकणारा वाड्यातलाच आहे, हे लक्षात येईल. मात्र त्यांच्या 'पोन्सिया व्हिसेन्सिओ' (२००३) ह्या कादंबरीत तो श्रोता उरत नाही. स्वतंत्र गर्भाचा कायदा झालेला असूनही ज्याची मुले विकली गेली असा आजा तिच्यात आहे. त्या दुःखाने तो बायकोला ठार मारतो आणि स्वतःचा हात तोडून घेतो. नात पोन्सिया अक्षरे शिकते, शहरात घरकाम करते, तिची सात बाळे जगत नाहीत. आई मारिया आणि भाऊ लुआंदी तिला शोधत राहतात. अखेरीस स्टेशनावर मायलेकींची गाठ पडते, आणि आई तिला घेऊन नदीकडे परत निघते. वाड्यातले कोणीही त्या वेळी तेथे नसते.